तिसरं वाक्य

त्या गुरुवारी दुपारी मी ऑफिसात गेलो तो फक्त एक चाचणी उरकून सही ठोकायला. बाकी काही डोक्यात नव्हतं. गुरुवार म्हणजे कर्वेनगरात वीज नाही. गल्ली तापत पडलेली, आणि आमच्या बंगल्यातल्या कंपनीत खाली जनरेटर धडधडत होता. दोन हजार चार साल. तेव्हा दर दुसऱ्या बंगल्यावर सॉफ्टवेअरची पाटी लागलेली असायची. आम्ही मात्र अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूमची नक्कल बनवत होतो. बिनखिडकीची खोली, भिंतभर पॅनेल, दिवे, बटणं. नवे ऑपरेटर त्यावर शिकणार.

मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला. ही नोकरी बापाच्या ओळखीनं. माझा बाप, दशरथ मेश्राम, आयुष्यभर तसल्या केंद्रात ऑपरेटर होता. निवृत्त झाल्यावर ही खोली त्यानंच इथल्या लोकांना समजावून दिली. माणूस म्हणून घरात असह्य. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरांची रीत अशी: एकानं हुकूम द्यायचा, दुसऱ्यानं तो म्हणून दाखवायचा, पहिल्यानं 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच बटणाला हात लावायचा. ती रीत त्यानं आमच्या दोन खोल्यांत आणली.

"चेतन, टाकी बघून मोटर बंद कर."

"टाकी बघून मोटर बंद करतो."

"बरोबर."

मित्रांसमोरसुद्धा हेच. आणि नुसतं आवाजावरून 'भरली' म्हटलेलं चालायचं नाही. गच्चीवर जायचं, झाकण काढायचं, पाण्यात बोट घालायचं.

कॉलेज सोडलं त्या दिवशी मी म्हणालो, "मी कॉलेज सोडतोय." त्यानं गवती चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तू कॉलेज सोडतोयस." आई रडतेय आणि हा माणूस माझ्या 'बरोबर'ची वाट बघतोय! मी दार आपटून निघून गेलो. नंतर आम्ही नीट बोललोच नाही. त्या गुरुवारच्या आधीच्या दिवाळीत तो गेला.

तो गेल्यावर गोपाळकृष्ण सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्या रीतीतलं तिसरं वाक्य, ते 'बरोबर', काढून टाकलं. "आता कॉम्प्युटर तपासतो रे. माणसं काय, पेंगतात." वर म्हणाले, "सोमवारी माल जाणार. तू सही कर, पर्मनंटचं पत्र तयार आहे." बिनडिग्रीच्या पोराला पर्मनंट! घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं.

माझ्याबरोबर चाचण्या घेणारी अक्षता पलीकडच्या खोलीतून इंटरकॉमवर हुकूम वाचणार होती.

"पंप दोन सुरू."

"पंप दोन सुरू करतो."

"बरोबर..." हळू. कोरडं.

मी बटण दाबलं. हिरवा दिवा. "अगं, तिसरं वाक्य काढलंय ना?"

"कुठलं वाक्य? मी काही बोलले नाही."

जनरेटरच्या धडधडीत काहीही ऐकू येतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण खोलीत गवती चहाचा वास होता. पॅन्ट्री बंद होती.

"व्हॉल्व्ह सात बंद."

"व्हॉल्व्ह सात बंद करतो." मी बटण दाबलं. हिरवा दिवा. स्क्रीनवर 'बंद'.

मी थांबलो. कुणी काही म्हणेना. वास मानेशी आला...

"चेतन, पुढे जाऊ?"

"थांब."

ही शांतता माझ्या ओळखीची होती. मी चुकलो की बाप कधी ओरडायचा नाही. चूक मला सापडेपर्यंत मागे गप्प उभा राहायचा. मी स्क्रीन सोडली आणि पॅनेलच्या कोपऱ्यातला पाण्याच्या पातळीचा काटा बघितला. उतरत होता. म्हणजे नकलेतला व्हॉल्व्ह उघडाच होता. दिवा हिरवा झाला तो हुकूम गेला म्हणून. व्हॉल्व्ह खरंच हलला का, हे नवं सॉफ्टवेअर बघतच नव्हतं.

"व्हॉल्व्ह सात उघडा आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

"बरोबर." अगदी कानाशी.

इंटरकॉमवर अक्षताचा आवाज बारीक झाला. "चेतन... तुझ्याबरोबर कोण आहे?"

मी सरांना फोन लावला.

"दिवा हिरवा आहे ना? मग सही कर."

"व्हॉल्व्ह उघडा आहे, सर. मी नापास लिहितोय."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्यापासून येत नाही," मी म्हणून दाखवलं. त्यांनी फोन आपटला. तिसरं वाक्य त्या माणसाला येणारच नव्हतं.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. वीज अजून नव्हती. आई जिन्यात उभी. "तू वर होतास ना? मघाशी टाकीचं झाकण वाजलं."

गच्चीवर गेलो. झाकण बाजूला काढून ठेवलेलं. त्याच्या कडेवर ओल्या बोटाचा एक ठसा, इतक्या उन्हात न वाळलेला. गवती चहाचा वास. मी वाकून पाण्यात बोट घातलं, तेव्हा मागून तोच आवाज आला. न रागावता, कप खाली ठेवून म्हणावं तसा.

"तू कॉलेज सोडतोयस..."

आणि गप्प.

त्याला बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी वर जातो, झाकण काढलेलं असतं, मागे कुणीतरी थांबलेलं असतं. एक शब्द म्हटला की संपेल. मी अजून म्हटलेला नाही.