लाल सोफा आणि उंदीर बिळात

“माणसं एकतीस आणि जागा चौघांची!” दिसेल ते मोजणाऱ्या मोजपट्टीने झरोक्यातून हात बाहेर काढला आणि मोजायची फीत खटकन गुंडाळली. “तीही पोटं आत घेऊन उभं राहिलं तर!”

“आत आहे तरी काय एवढं?” दोरीच्या गाठी मारण्यात पटाईत असलेल्या गाठ्याने तिला बाजूला सारून झरोक्याला डोळा लावला आणि तो ओरडलाच, “अरे बापरे! सोफा! लालभडक सोफा! त्याच्यावर गालिचे, त्याच्यावर खुर्च्या आणि खुर्च्यांवर फुलदाण्या!”

“मला बघू दे, मला बघू दे!” शेपूट उड्या मारत होता. तो नऊ वर्षांचा, स्काउटच्या शिबिरातला सगळ्यात लहान. ताई जाईल तिथे मागोमाग जायचा, म्हणून शेपूट. ताईने त्याला उचलून झरोक्यापाशी धरलं.

या ताईला सगळे भोंगा म्हणत. ती तेरा वर्षांची होती आणि संघनायिका होती. तिचा संघ ‘सज्जता पदका’साठी शिबिराच्या नकाशातली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आहे का, ते तपासत होता. पाण्याची टाकी आहे, वाळूच्या बादल्या आहेत, प्रथमोपचाराची पेटी आहे. नकाशात खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘वादळात आसरा – तळघर’. टेकडीच्या पोटात दगडांनी बांधलेलं हे तळघर म्हणजे पूर्वीच्या दूधडेअरीची दुधाचे कॅन थंड ठेवायची जागा. पाच पायऱ्या उतरल्या की जाडजूड दार. त्या दाराला आज मुठीएवढं कुलूप होतं!

“चला, सरांना सांगू,” भोंगा म्हणाली खरी, पण तिचा पाय जडच पडत होता.

त्याला कारण होतं. मागच्या शिबिरात स्वयंपाकघरातून धूर येताना बघून तिने ‘आग! आग!’ असा काही गजर केला होता की सगळं शिबिर बादल्या घेऊन धावलं. आत स्वयंपाकाच्या मावशीचं दूध करपलं होतं, बस्स! मावशी नखशिखांत भिजल्या आणि ही कायमची भोंगा झाली.

प्रमुखसर झेंड्याच्या खांबाला पांढरा रंग देण्यात गर्क होते. शेजारी भांडारकाका रंगाचा डबा धरून उभे होते. शिबिरातली प्रत्येक वस्तू काकांच्या ताब्यात आणि प्रत्येक किल्ली त्यांच्या कमरेला.

“तळघर सामानाने भरलंय, सर,” भोंगाने एका दमात सांगितलं. “वादळ आलं तर कुणाला आत शिरता यायचं नाही.”

“वादळ?” भांडारकाकांनी वर बघितलं. “आकाश कसं लख्ख आहे! उद्या आयुक्तबाई शिबिर बघायला येणार. त्यांना काय पोत्यावर बसवू?”

“आणि समजा काही झालंच,” सर ब्रश न थांबवता म्हणाले, “तर आपला नियम काय?”

“तीन लांब शिट्ट्या झाल्या की झेंड्याखाली रांग,” चौघं एका सुरात म्हणाली.

“संपलं! रांग, मोजणी, मग पुढचं. वीस वर्षं शिबिरं घेतोय मी.”

“पण सर, वादळात मोकळ्या मैदानात रांग...”

“भोंगाबाई,” सर आता वळले. ते रागीट नव्हते, पण उद्याच्या पाहुणीने त्यांची झोप उडवली होती. “मागच्या वर्षीचं करपलेलं दूध मी विसरलेलो नाही. यंदा पुन्हा उगाच घबराट केलीस, तर संघनायिकेची फीत काढून घेईन. समजलं?”

भांडारकाका फिदीफिदी हसले. भोंगाचे कान लाल झाले. खांद्यावरची ती हिरवी फीत तिने वर्षभर राबून मिळवली होती. ती गेली तर घरी काय तोंड दाखवणार होती ती?

चौघं तोंड पाडून स्वयंपाकघराशी आली. आत मावशी रस्सा ढवळत होत्या आणि खिडकीतला रेडिओ खरखरत होता.

“...दुपारनंतर गारपीट आणि सोसाट्याचा वारा... काही ठिकाणी टोर्नेडोची शक्यता... नागरिकांनी पक्क्या बांधकामात, शक्यतो तळमजल्यावर किंवा तळघरात...”

“टोर्नेडो म्हणजे ती पाचोळा गोल गोल फिरवते ती?” शेपटाने विचारलं.

“ती वावटळ. ही तिची आजी!” गाठ्या म्हणाला. “पाचोळ्याबरोबर घराचं छप्परही फिरवते!”

“मगाशीच सरांना सांगितलं मी,” मावशी म्हणाल्या. “म्हणतात, रेडिओ रोजच घाबरवतो. माझं कोण ऐकतंय? तुम्हीच बघा काही जमलं तर.”

भोंगाने शेपटाकडे बघितलं. निघताना आईने त्याचा हात तिच्या हातात दिला होता. “नेशील तसा परत आण,” एवढंच म्हणाली होती. ते आठवलं आणि भोंगाचा जडपणा कुठल्या कुठे गेला.

“तळघर रिकामं करायचं,” ती म्हणाली. “आणि तेही काकांच्याच हातून!”

पाच मिनिटांत चौघं अगदी सभ्य चेहरे करून भांडारकाकांपुढे उभी.

“काका, त्या सोफ्यावर धूळ बसली असेल का हो?” मोजपट्टीने सुरुवात केली.

“आयुक्तबाई पांढरा गणवेश घालतात म्हणे,” गाठ्याने पुस्ती जोडली.

“बसल्या आणि उठल्या, तर मागे...” शेपूट इथे खुदकन हसला. भोंगाने त्याला हळूच चिमटा काढला.

काकांचा चेहरा पडला. “अरे देवा! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?”

“आम्ही देतो ना झटकून!” भोंगा म्हणाली. “ सगळं बाहेर काढतो, उन्हात ठेवतो. तुम्ही फक्त दार उघडा आणि जरा पडा. सकाळपासून पायाला भिंगरी आहे तुमच्या.”

“गुणाची पोरं रे बाबा!” काका म्हणाले. कुलूप निघालं, काकांच्या खिशात गेलं आणि काका तंबूत आडवे झाले.

मग काय! सोफा, गालिचे, खुर्च्या, फुलदाण्या, सगळी वरात मैदानात आली. मोजपट्टीने तळघर लांबी-रुंदीने मोजलं. “गुडघे छातीशी घेऊन बसलं तर एकतीस माणसं आरामात!” गाठ्याने उघडं दार बाहेरच्या कडीला दोरीने बांधलं. “आता वाऱ्याने लागायचं नाही. आणि आतून ओढून धरायला दुसरी दोरी त्या आकड्याला. कॅन टांगायचे आकडे आहेत, हत्ती लटकला तरी हलायचे नाहीत!” भोंगाने पाण्याचे डबे, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी आत नेऊन ठेवली.

“पण बाकीच्यांना कळणार कसं?” शेपटाने विचारलं. “शिट्टी झाली की सगळे झेंड्याकडे पळणार.”

लहान तोंडातून आलेला प्रश्न सगळ्यांत मोठा होता. भोंगाने आजूबाजूला बघितलं. मग तिची नजर मावशीच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्याच्या झाकणावर गेली.

जेवणानंतर तिने चारही संघांना गोळा केलं. “नवा खेळ! नाव उंदीर बिळात! झाकण वाजलं की हातातलं टाकायचं, संघाची दोरी पकडायची आणि रांगेने तळघरात. आत बसलं की आपला आकडा ओरडायचा. हरणारा संघ रात्रीची भांडी घासेल!”

भांडी म्हटल्यावर पोरं जिवावर उदार होऊन पळाली. पहिल्या वेळी चार मिनिटं लागली आणि तिघं पायऱ्यांवर एकमेकांवर पडली. दुसऱ्या वेळी तीन मिनिटं. पाचव्या वेळी मोजपट्टी घड्याळ बघून किंचाळली, “एक मिनिट पन्नास!”

सर लांबून बघत होते. “खेळा, खेळा,” ते म्हणाले. “पण चारच्या आत सगळं सामान पुन्हा आत गेलं पाहिजे हं!”

चार वाजायला दहा मिनिटं होती, तेव्हा वारा पडला.

पानही हलेना. मघापासून किलबिलणारे पक्षी एकदम गप्प झाले. पश्चिमेकडे ढगांचा डोंगर चढला होता आणि त्याचा रंग काळा नव्हता, हिरवट होता. टप्! बोराएवढी गार सोफ्यावर पडली. टप्, टप्! मग लिंबाएवढी! तंबू धडधडायला लागले. गारा थांबल्या तशी लांबून घरघर ऐकू आली. पुलावरून मालगाडी जातच राहावी, तशी. पण इथे जवळपास रूळच नव्हते!

“ताई, ते बघ!” शेपटाने बोट दाखवलं.

ढगातून एक सोंड खाली उतरत होती. ती जमिनीला टेकली आणि तिथली झाडं दिसेनाशी झाली.

त्याच क्षणी शिट्टी वाजली. एक लांब. दोन लांब. तीन लांब! सर झेंड्याखाली ताठ उभे होते आणि तंबूंतून निघालेली पोरं शिस्तीत त्यांच्याकडे धावत सुटली होती. सरांची पाठ नेमकी त्या सोंडेकडे होती. भर मैदानात रांग लागणार होती!

भोंगाच्या हातात झाकण आणि वाढायचा डाव होता. शिट्टीचा हुकूम मोडायचा नाही, हा स्काउटचा पहिला धडा. तो मोडला की फीत गेली, नाव गेलं. आणि ती सोंड वाकडी वळून भलतीकडे गेली, तर जन्मभर हसं. एवढं सगळं तिच्या मनात एका श्वासात येऊन गेलं. मग तिला शेपटाचा घामेजलेला हात लागला आणि तिने डाव झाकणावर हाणला.

ढाण्! ढाण्! ढाण्!

मुलं मैदानाच्या मधोमध थबकली. एकीकडे शिट्टी, दुसरीकडे झाकण! माना इकडून तिकडे फिरायला लागल्या.

“उंदीर बिळात!” भोंगा गळा फाडून ओरडली. वर्षभर ज्या आवाजाची सगळ्यांनी टर उडवली होती, तो आवाज वाऱ्याला कापत गेला. “खेळ नाही हा! खरं आहे! दोऱ्या धरा! बिळात!!”

पाच वेळा पळून पायांना वाट पाठ झाली होती. सगळी मुलं वळली. मावशी शेगडी विझवून धावल्या. भांडारकाका एका पायात बूट घालून “सोफा! सोफा आत घ्या!” म्हणत आले, त्यांना दोघांनी सरळ दंडाला धरून आत ओढलं.

“एक!” “दोन!” “तीन!” अंधारात आकडे सुरू झाले. अठ्ठावीस मुलं, मावशी एकोणतीस, काका तीस.

एकतिसावा आकडा आलाच नाही.

“सर!” मोजपट्टी ओरडली.

भोंगा दाराशी आली. सर अजून झेंड्याखालीच होते. एकही पोर का येत नाही, म्हणून संतापून शिट्टी मारत होते! तिने जिवाच्या आकांताने हाक मारली, “सर, मागे बघा!”

सरांनी मागे बघितलं. शिट्टी तोंडातून गळाली. ते पळाले, पण वाऱ्याने त्यांना आडवं केलं. उठले, पुन्हा पडले. दार पंधरा पावलांवर होतं आणि ते गवत मुठीत धरून पडून होते.

“गाठ्या, दोरी!”

गाठ्याने दोरीला न आवळणारा फास घातला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि फेकली. चुकली! पुन्हा गोळा केली, पुन्हा फेकली. सरांनी फासात हात घातला.

“ओढा!!”

तीस जणांनी अंधारात दोरीला हात घातला. प्रमुखसर चिखलातून घसरत, पायऱ्यांवर आपटत, तळघरात येऊन कोसळले. भोंगाने बाहेरच्या कडीची दोरी सोडून दार ओढून घेतलं, गाठ्याने दाराची आतली दोरी आकड्याला करकचून आवळली.

“एकतीस,” सर धापा टाकत म्हणाले.

आणि मग बाहेर सगळं फुटलं! कानांत दडे बसले, दार थरथरलं, झरोक्यातून माती सूं सूं करत आत आली. कुणीतरी रडायला लागलं. “आकडे म्हणा! मोठ्याने!” भोंगा ओरडली. त्या प्रचंड आवाजात एक ते एकतीस, पुन्हा एक ते एकतीस, असे आकडे फिरत राहिले. चौथ्या फेरीला तिच्या लक्षात आलं, की आता सगळ्यांचे आकडे स्पष्ट ऐकू येताहेत.

दार उघडलं तेव्हा ऊन पडलं होतं. तंबू गायब! स्वयंपाकघराचं छप्पर गायब! झेंड्याचा नुकताच रंगवलेला लोखंडी खांब मुळाशी वाकून जमिनीवर आडवा झाला होता, नेमका जिथे रांग लागणार होती तिथे.

“माझा सोफा?” भांडारकाकांनी क्षीण आवाजात विचारलं.

शेपटाने वर बोट केलं. कुंपणाजवळच्या उंच झाडाच्या शेंड्यात लाल सोफा सुखाने बसला होता!

आधी काका हसले, मग मावशी, मग सगळं शिबिर पोट धरधरून हसलं. मग संघ कामाला लागले. मावशीचं खरचटलेलं कोपर बांधलं गेलं, सरांचा मुरगळलेला पाय पट्टीत गेला, दोघं वाटेतल्या फांद्या बाजूला करायला धावले.

दुसऱ्या दिवशी आयुक्तबाई आल्या, त्या मदतीची गाडी घेऊनच. झाडावरचा सोफा बघून त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. तळघरही स्वतः उतरून बघितलं.

“तयार राहा, असं आपण रोज म्हणतो,” त्या म्हणाल्या. “काल या मुलांनी ते करून दाखवलं. ही भोंगा कोण?”

भोंगा पुढे झाली. नावाला हसतील म्हणून तिने मान खाली घातली होती. कुणी हसलं नाही.

भांडारकाकांनी खिशातून ते मुठीएवढं कुलूप काढून तिच्या हातात ठेवलं. “हे तुझ्याकडेच ठेव गं बाई. माझ्याकडे असलं की मी लावतो.”

प्रमुखसर काठी टेकत उठले. “मुलांनो, नियम मी केला होता आणि तो चुकीचा होता,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “या मुलीने शिट्टी मोडली, म्हणून आज माझी अठ्ठावीस मुलं घरी जाताहेत. आणि मीही.” मग ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी तिला सलाम केला. आधी लहानाने सलाम करायचा असतो, हा नियमही त्यांनीच शिकवला होता.

भोंगाच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. हात आपल्याला आहेत, हेच ती विसरली.

“ताई,” मागून शेपूट कुजबुजला, “सलाम कर ना लवकर! एका पायावर उभे आहेत सर!”

भोंगाने खाडकन सलाम ठोकला, तेव्हा मावशी हातातल्या डावाने तेच झाकण वाजवत होत्या आणि या वेळी कुणीही बिळाकडे पळालं नाही.