वहिनींचा आकडा

आकाशातला एक नवतारा विझत चालला होता. त्याचं तेज रोज नोंदवणारे आम्ही अठरा हौशी निरीक्षक, आणि सगळ्यांचे आकडे गोळा करून वेधशाळेला पाठवणारा मी. आकडा जितका मोठा, तितका तारा फिका. वार्षिक अहवालात पहिलं नाव सर्वांत अचूक निरीक्षकाचं. तीस वर्षं ते माझं होतं.

यंदा तिथे वहिनींचं नाव लागणार होतं. शिवणकाम करणारी बाई, दोन महिन्यांपूर्वी दुर्बीण धरायला मीच शिकवलं, आणि त्यांचा आकडा वेधशाळेशी दशांशापर्यंत जुळायचा! वर म्हणायच्या, "भावजी, मी आपलं अंदाजानं सांगते हो." माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी त्यांनी पाठवलं, ८.४. माझंही ८.४ होतं. मी यादीत त्यांच्या नावापुढे ९.१ टाकलं. एकदा चुकू दे की!

चहा होईपर्यंत बाकीच्यांचे निरोप आले. सगळ्यांचे ९.१. दुपारी वेधशाळेचाही तोच. मी माझी वही उघडली. काल रात्रीच्या नोंदीत ९.१ होतं. अक्षर माझंच, खाडाखोड नाही.

घाबरायला हवं होतं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःचा आकडा बदलून पाहिला. कुठे काही हललं नाही. म्हणजे तारासुद्धा वहिनींचंच ऐकणार! मग तीस वर्षं थंडीत मान मोडून मी काय गवत उपटत होतो?

तिसऱ्या सकाळी मी त्यांच्या नावापुढे लिहिलं, "दिसला नाही."

दुपारी वेधशाळेनं कळवलं, त्या जागी तारा नाही.

तीन दिवसांनी संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भावजी, तारा गेला म्हणे. पण सवय लागली हो, रोज काही नोंदवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून तुम्हाला धरलंय."

"मला?"

"परवा जेवायला आलात तेव्हा पाच होतात. काल रस्त्यात दिसलात, साडेपाच. आत्ता वहीत लिहिलं, सहा पूर्णांक दोन."

सहाच्या पुढचं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हेही मीच शिकवलं होतं. आणि त्यांचा आकडा चुकत नाही.

फोन माझ्या हातून टेबलावर पडला.

बायको आतून आली. मी समोरच बसलो होतो.

तिनं फोन उचलून कानाला लावला.

"जाऊबाई, हे फोन तसाच टाकून कुठे गेलेत, कोण जाणे."