पुरुषाचा 'मी'

"पुरुषांचं गाणं पोरीनं म्हटलं, तर तिला मिशा फुटतात का हो?"

पैज माझ्या मैत्रिणींनी, तेल्मा आणि ओनेय्दानं लावली होती, पण विचारलं मी. शाळेत स्वतःची कविता म्हणून बक्षीस मिळवल्यापासून मी कुणालाच भीत नव्हते. सेफेरिनो आजोबा होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. पूर्वजांची गाणी येणारे गावात तेच एकटे उरलेले, आणि त्यांचाही आवाज गेलेला. गाऊ लागले की घशातून नुसती हवा यायची.

वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"मिशांचं सोड गं. 'मी' कुठला म्हणशील?"

"माझाच म्हणणार! दुसऱ्याचा कशाला?"

आमच्या गारिफुना बोलीत बाईचा 'मी' वेगळा, पुरुषाचा वेगळा. आम्ही म्हणतो नुगुया, ते म्हणतात आउ. तेल्माचा भाऊ आईच्या पदराखाली वाढला आणि एकदा भर बाजारात नुगुया म्हणाला. बिचाऱ्याला आता त्याच नावानं हाक मारतात.

"चल," आजोबा उठले. "तुझ्या बापासाठी शिकवतो."

कारण बाबा मरत होते. समुद्रावरून आले तेव्हा पाठीत एक भोक होतं, तीन कोनांचं. शहरातल्या डॉक्टरनं टाके घातले आणि विचारलं, कुणी भोसकलं? कुणीच नाही. मग घरात, आईच्या डोळ्यांदेखत, कसावाची भाकरी मोडता मोडता दुसरं उघडलं. कातडी आत दबायची, फाटायची, आणि बाबा पुढे ढकलले जायचे. हा कुणा रागावलेल्या पूर्वजाचाच कोप म्हणून आईनं त्याला कोंबडा दिला, रम दिली. त्याला ते नको होतं; त्याला त्याचं गाणं हवं होतं, असं आजोबांचं म्हणणं.

आजोबांनी वाटेतच गाणं माझ्या कानात ओतलं. गोऱ्या शिपायांनी आम्हाला आमच्या बेटावरून हाकललं, तेव्हाचं. झोपड्या जळतात. शिपाई त्या पूर्वजाच्या बायकोला तिकोनी संगिनी खुपसत कड्यावरून ढकलतात. तो कोयता उचलतो.

भर दुपारी बाबांच्या उशाशी उभी राहून मी खणखणीत आवाजात सुरू केलं. बाईच्याच 'मी'नं.

"मी कोयता उचलते..."

बाबा उसळले. नवीन भोक. रक्ताची चिळकांडी भिंतीवर, माझ्या ओठांवर.

"मी पहिल्याची मान..."

आणखी एक. आई किंचाळली, "बंद कर गं! मारशील त्यांना!"

आजोबांनी माझा दंड धरून गदागदा हलवला. त्या फुटक्या घशातून शब्द आला, "आउ! आउ म्हण, पोरी!"

"मी कोयता उचलतो."

बाबा निपचित पडले.

"मी पहिल्याची मान तोडतो. दुसऱ्याचं पोट फाडतो. तो आईला हाक मारतो, मी पुन्हा फाडतो."

शेवटची ओळ मला कुणी शिकवली नव्हती.

मनगट ठणकू लागलं. जळक्या दारूगोळ्याचा वास आला. हाताखाली काहीतरी मऊ होतं, मग टणक, मग पुन्हा मऊ.

बाबांच्या पाठीवरची भोकं मिटत गेली. पोट भरलेली तोंडं मिटावीत तशी.

"बस," आजोबा कुजबुजले. "गाणं इथं संपतं."

संपलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा उठून बसले, नारळाच्या रश्शातला मासा मिटक्या मारत खाऊ लागले. आई केळी कुटत होती, हसत होती, रडत होती.

"माझी गुणाची बाय ती! भूक लागली असेल ना?"

"लागली. फार लांबून आलोय."

आईचं मुसळ उखळीतच थांबलं. बाबा माझ्या मांडीकडे बघत होते. दारामागचा कोयता तिथे होता, आणि मी त्याची धार अंगठ्यानं चाचपत होतो.

"पोरी," बाबा हळूच म्हणाले, "काय म्हणालीस?"

मी हसलो.

"आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून शाळा बंद. त्या गोऱ्या शिपायांतला एक तेव्हा निसटला. त्याची पोरंबाळं असतीलच कुठेतरी. मी शोधायला जातो."