घर हवंय, मैत्रिणीला

वाचनालयाच्या तळमजल्यावर मी शिरले ती नुसती बसायला. दादा-वहिनीच्या घरातून आठच्या आत बाहेर पडायचं, आणि मी काम करते ते चष्म्याचं दुकान उघडायचं दहाला. मधले दोन तास कुठेतरी काढायचे होते. रिकामी खुर्ची दिसली, टेकले.

"बोला," टेबलामागे बसलेला तरुण म्हणाला.

मी दचकून वर पाहिलं. टेबलावर पाटी होती – 'राहायला जागा नाही? आम्ही मदत करतो.' बसले ती खुर्ची त्या रांगेतली होती!

"मी... मैत्रिणीसाठी विचारतेय," तोंडून निघून गेलं.

"बरं. सध्या कुठे असते ती?"

"भावाकडे, हॉलमध्ये. तिची इमारत धोकादायक ठरली, एका दिवसात रिकामी करायला लावली. त्याला चार महिने झाले. आता वहिनीचे दिवस भरत आलेत, बाळंतपणाला वहिनीची आई येणारेय..."

"जा म्हणाले का?"

"छे! चकार शब्द नाही काढला. त्याचाच जास्त त्रास होतो... तिला."

तो लिहीत होता आणि त्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. मला राहवेना. "द्या इकडे." पर्समधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून मी दांडी घट्ट केली. तो डोळे बारीक करून बघत राहिला.

"तुम्ही धूसर दिसताय."

"बरंच आहे की!"

"अजिबात बरं नाही..."

मदतीचं टेबल मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. मी दोन्ही दिवस जाऊ लागले.

"मैत्रीण झोपते का नीट?" तो विचारायचा.

"कुठली! सगळे उठायच्या आत अंथरूण गुंडाळते. बॅग पूर्ण उघडतसुद्धा नाही."

"आणि जेवण?"

"वहिनी वाढते तेवढं. पुन्हा मागत नाही."

त्याचं पेन थांबलं. "तिला सांगा, इथला चहा भयंकर असतो. पण पुन्हा मागता येतो."

तिसऱ्या आठवड्यात त्याने फॉर्म पुढे केला. "इथे सही लागेल. तिची."

माझा हात थांबला... मग मी सही केली. माझी.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. 'तिला' म्हणायच्या आधी तुम्ही थांबलात."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी दुकानात मी दिवसभर काचा उलट्या-सुलट्या बसवत होते.

पण पुढच्या शुक्रवारी त्याने माझी फाइल शेजारच्या टेबलाकडे सरकवली. तिथे सगळ्यांच्या लाडक्या मावशी बसायच्या. "यापुढे तुमचं काम मावशी बघतील," तो म्हणाला. मान खालीच.

कान तापले माझे. खोटारडी वाटले असेन त्याला! नंतर मी तिकडे फिरकलेच नाही. सकाळचे दोन तास नुसती चालत सुटायचे, या रस्त्यावरून त्या रस्त्यावर. कुठल्याच बाकावर बूड टेकेना.

दहा दिवसांनी मावशींचा फोन आला. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातली वरची खोली होती, वर्षभराचा लेखी करार. खोली दाखवताना मी हळूच विचारलं, "ते... आले नाहीत?"

मावशी हसल्या. "मी त्याला विचारलं, फाइल का सोडलीस? लाल झाला. म्हणाला, जिचं छप्पर आपल्या हातात आहे तिला मनातलं सांगू नये. तिला नाही म्हणायची सोय उरत नाही."

करारावर मी तिथल्या तिथे सही केली.

सामान लावून झालं तसा मंगळवार उजाडला. मी थेट त्याच्या टेबलापाशी गेले.

"माझी फाइल बंद झाली."

"कळलं..."

"म्हणजे आता मला नाही म्हणता येतं."

तो धडपडत उठला. खुर्ची मागे आपटली. "म्हणणार आहात?"

"आधी विचारा तरी!"

त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. अख्खी रांग आमच्याकडे बघत होती. पुढचे आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, विचारून टाका एकदाचं! आमचा नंबर यायचाय."

त्याने विचारलं. सगळ्यांसमोर, अडखळत.

मी नाही म्हटलं नाही.