उभे वायपर

सासूबाईंना मोतीबिंदूच्या दवाखान्यातून घरी आणायचं, एवढंच काम होतं. मी आणि चेतन पार्किंगमध्ये उतरलो, तर गाडीचे दोन्ही वायपर पुन्हा उभे. मागच्या चाकाला दगड लावलेला, तोही ओला. सुरतेत जानेवारीतही दुपारी घाम येतो, आणि तो दगड हातात धरवेना इतका गार होता.

चेतन म्हणाला, सोसायटीतली पोरं टवाळकी करतात. आठवडाभर तो हेच म्हणत होता. माझ्या जिवाला मात्र चैन नव्हतं, कारण ही पद्धत आम्ही दोघांनीही पाहिली होती. डिसेंबरात मनालीच्या वर ज्या घरी उतरलो होतो, तिथले म्हातारे दोर्जेबाबा बर्फाची चाहूल लागली की सगळ्या गाड्यांचे वायपर उभे करत, म्हणजे ते काचेला चिकटत नाहीत, आणि चाकामागे दगड लावत. मग गाडी हलवायची नाही, असा तिथला नियम.

आम्हा सुरतवाल्यांना बर्फ म्हणजे गोळा. चेतनने तर घरून कालाखट्टाची बाटली नेली होती. अंगणातला बर्फ वाटीत घेऊन, वर सरबत ओतून त्याने ती बाबांपुढे धरली. ते हसले नाहीत. निघायच्या दिवशी एवढंच म्हणाले, "साब, आज मत निकलो. वाइपर खड़े हैं."

चेतनची सुट्टी संपत आली होती. तापीचा पूर पाहिलेली माणसं आम्ही, या भुरभुरीला काय भ्यायचं, असं म्हणून त्याने वायपर खाली केले. शेवटी बाबाच काठी घेऊन गाडीपुढे चालत रस्ता दाखवू लागले. वळणापर्यंत चला, मग मी तुम्हाला घरी सोडतो, असं चेतनने त्यांना कबूल केलं होतं. पण वळणावर उतार लागला. बाबा बाजूला झाले आणि चेतन थांबलाच नाही. आरशात ते थोडा वेळ दिसले, मग नुसतं पांढरं.

सुरतेला पोचल्यावर मी फोन केला. त्यांची सून शांतपणे म्हणाली, ते परतले नाहीत, बर्फ वितळेल तेव्हा सापडतील. तिकडे असंच बोलत असतील. मला तिचा तो आवाज अजून झोपू देत नाही.

तर, चेतनने वायपर खाली केले, दगड पायाने ढकलला. दवाखान्यातून आईंना आणून मागच्या सीटवर बसवलं. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. बाहेर लख्ख ऊन, गच्च्यांवर पतंगांची गडबड. पुलावर आल्यावर काचा आतून धुरकटल्या. एसी बंद करायला मी हात नेला. तो बंदच होता.

"प्राजक्ता..." आई हळूच म्हणाल्या, "तुझी शाल दे गं. हे बाबा फार गारठलेत."

मला मागे वळवेना. "आई... कोण बाबा?"

"हे काय, माझ्या शेजारी बसलेत." मग जरा थांबून, "चेतन, यांना घरी जायचंय म्हणतात. तू कबूल केलं होतंस..."

पूल संपला, आणि अडाजणला वळायच्या ऐवजी गाडी हायवेच्या रस्त्याला लागली. मी त्याचा दंड धरला, आपलं घर मागे राहिलं म्हटलं. तेव्हा माझं लक्ष गेलं.

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.