अल्फियाच्या रेघेतली चढण

सतरा वर्षांचा श्रेणिक मैदानाला दहा फेऱ्या मारूनही दमत नसे. तरीही २०५८च्या उन्हाळ्यात, सराव चालू असताना तो कोसळला आणि परत उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गडहिंग्लजमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या सगळ्या मुलांना एकच प्रश्न पडला होता: इतक्या धडधाकट मुलाचं हृदय अचानक थांबेलच कसं?

बारा वर्षांच्या समृद्धी मगदूमने तो थेट आजोबांना विचारला. आजोबा वैद्यकीय यंत्रं बनवणारे शास्त्रज्ञ. निवृत्त झाले तरी घरामागच्या शेडमध्ये त्यांची खुडबुड चालूच असे.

"हृदय हा विजेवर चालणारा पंप आहे, बाळा," आजोबा म्हणाले. "वरच्या कप्प्यातून दर ठोक्याला एक विद्युत्संदेश (विजेचा अगदी बारीक इशारा) निघतो. तो मिळाला की स्नायू आवळतात आणि रक्त पुढे ढकललं जातं. पंप कितीही दणकट असला तरी वायरिंगमध्ये जन्मापासून दोष असू शकतो. तो दिसत नाही, दुखतही नाही."

"मग कळणार कसा?"

"चाळणी तपासणी करून (कसलाच त्रास नसलेल्यांनाही तपासून). सगळंच त्यात सापडतं असं नाही, पण बरंच सापडतं."

कोल्हापूरची एक संस्था डॉक्टरांसह तपासणीची गाडी पाठवायला तयार होती. खर्च मात्र गावाने उभा करायचा होता. समृद्धीने ते काम अंगावर घेतलं आणि मैत्रिणीला, अल्फिया मुजावरला, सोबत घेतलं. अल्फिया शाळेच्या संघात आघाडीला खेळायची आणि तिचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

आजोबांनी त्यांना 'ठोका' दिला. ठोका म्हणजे चाकांवर चालणारा, हंड्याएवढा यंत्रमानव. त्याच्या दोन पितळी मुठी अर्धा मिनिट धरल्या की तो हृदयालेख (हृदयातल्या विजेची कागदावर उमटलेली रेघ) काढून द्यायचा. एका मुलाच्या तपासणीचा खर्च द्या आणि स्वतःच्या हृदयाची रेघ घरी घेऊन जा, अशी समृद्धीची कल्पना होती.

आठवडी बाजारात मिरची विकणाऱ्या मावशींनी आपली रेघ उलटसुलट करून पाहिली. "माझं काळीज एवढं वाकडंतिकडं हाय व्हय?"

"असंच असायला हवं, मावशी," समृद्धी म्हणाली. "ही छोटी टेकडी म्हणजे वरचे कप्पे आवळले. मग थोडी सपाट जागा आणि हा सरळ उभा सुळका म्हणजे खालचे कप्पे आवळले."

मावशींनी कागद कमरेच्या पिशवीत जपून ठेवला आणि दोन मुलांचे पैसे दिले.

पाच आठवड्यांत समृद्धीने शेकडो रेघा पाहिल्या. सहाव्या बाजारात गर्दी कमी होती. लोक थांबावेत म्हणून अल्फियानेच मुठी धरल्या. "बघा, काही दुखत नाही," असं सगळ्यांना सांगून कागद समृद्धीच्या हातात देत ती सरावाला पळाली.

समृद्धी कागदाकडे बघतच राहिली. टेकडीनंतरची सपाट जागा जवळजवळ नव्हतीच. सुळकाही सरळ उभा नव्हता. आधी तिरकी चढण आणि मग टोक.

"ठोका, ही अशी का?"

"रेघ वेगळी आहे. निदान करणं माझं काम नाही. डॉक्टरांना लवकर दाखवा," ठोका हळू आवाजात म्हणाला.

ती धावत घरी गेली. आजोबांनी चष्मा पुसून कागद पाहिला.

"वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक फाटक असतं," ते म्हणाले. "संदेश तिथे क्षणभर थांबतो, तेवढ्यात रक्त खाली उतरतं. ती तुझी सपाट जागा. काही जणांना जन्मतःच दुसरी एक आडवाट असते. तिच्यावर फाटक नसतं, म्हणून संदेश लवकर पोहोचतो आणि रेघ अशी आधीच चढायला लागते. बहुतेक वेळा काही होत नाही. पण कधी संदेश त्या वाटेने सुसाट धावत सुटले, तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलू शकत नाही. अल्फियाला तसंच आहे का, ते डॉक्टरच सांगतील. तोवर तिने पळायला नको."

"शनिवारी तिचा अंतिम सामना आहे. ती माझ्याशी बोलणार नाही, आजोबा."

"नाही बोलली तरी चालेल. चल, मीही येतो."

मैदानावर अल्फियाने सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "सोमवारी दाखवते ना. सामना होऊ दे."

"श्रेणिकदादाची अशी रेघ कुणी काढलीच नव्हती," समृद्धी म्हणाली. "वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. पण आज पळू नकोस."

अल्फिया खाली बसली. एकेक करत तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि ती अनवाणीच घरी गेली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आडवाट होती आणि बेफाम संदेश वाहून नेण्याइतकी ती मोकळी होती. त्यांनी मांडीच्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत नेली आणि तिच्या टोकाच्या उष्णतेने ती वाट कायमची बंद केली. शनिवारचा सामना संघाने दोन गोलांनी गमावला.

अल्फिया नऊ दिवस समृद्धीशी बोलली नाही. दहाव्या दिवशी तिची अम्मी शेवयांची खीर घेऊन आली आणि मागून अल्फियाही आली.

"डॉक्टर म्हणाले, महिन्याभराने खेळता येईल," ती म्हणाली. मग तिने चमच्याने खीर ढवळली. "तू सांगितलंस म्हणून तुझा राग आला होता. आता 'तू सांगितलं नसतंस तर?' असं मनात येतं."

समृद्धीने तिच्या वाटीत आणखी खीर वाढली.

पुढच्या महिन्यात तपासणीची गाडी शाळेत आली. चारशे मुलं तपासली गेली. कुणी कोसळलं तर छाती कशी दाबायची, हे डॉक्टरांनी सगळ्या शिक्षकांना शिकवलं. आजरा आणि चंदगडच्या शाळांनी तर पुढच्या वर्षासाठी आत्ताच ठोकाला बोलावून ठेवलं.

रांगेत पाचवीतला एक मुलगा रडवेला होऊन उभा होता. अल्फिया त्याच्याजवळ गेली.

"माझी रेघ वेगळी आली तर?" त्याने विचारलं.

"तर माझ्याकडे ये," अल्फिया म्हणाली. "पुढे काय करायचं असतं ते मला माहीत आहे."