मध्यम आच म्हणजे किती?

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली, तेव्हा तिच्या एका हातात अर्धा किलो चिकन होतं, दुसऱ्या हातात भाज्यांची पिशवी, आणि दातांत ऑफिसचं ओळखपत्र. अशा अवस्थेत माणूस ओरडणार तरी कसं? तिने चपलेने दारावर ठोकलं.

"ठोकू नका," वरून आवाज आला. "ऐकलंय मी. आत किती जण?"

तिने ओळखपत्र तोंडातून सोडलं. "एक. आणि एक कोंबडी."

वर पान्ह्याची खडखड थांबली.

"जिवंत?"

"मी, की कोंबडी?"

दाराची फट कुरकुरत रुंदावली आणि वरच्या मजल्याच्या कडेशी एक उलटा चेहरा दिसला. गालावर ग्रीसचा पट्टा, डोळ्यांत हसू. "आधी कोंबडी द्या," तो म्हणाला, "मग हात द्या."

तिने दोन्ही दिलं. पुढच्याच क्षणी ती तिसऱ्या मजल्यावर उभी होती आणि तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे चार काळे ठसे होते. ते तिने लगेच पुसले नाहीत... का कोण जाणे.

ती एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत पाकिटांच्या मागची कृती लिहायची. सगळं ऑफिस तिला 'पाकिटबाई' म्हणायचं. सध्या तिच्याकडे पास्त्याचं नवं पाकीट आलं होतं, आणि त्याच्यामागे छापायचा होता एकाच भांड्यात होणारा, चिकन आणि भाज्यांचा क्रीमी पास्ता. कंपनीचा एक कडक नियम होता. छापण्याआधी ती कृती अशा तिघांनी करून बघायची, ज्यांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फक्त कागद वाचायचा. आणि लिहिणारीने कोपऱ्यात बसायचं, तोंड मिटून. एक शब्दही बोलायचा नाही.

त्या बुधवारी तिघांपैकी दोघे येऊन गेले होते, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी. तिसऱ्या गृहस्थांनी लिफ्ट बंद आहे म्हटल्यावर पाच जिने बघितले आणि खालूनच नमस्कार केला. आता ऐन वेळी अडाणी माणूस कुठून आणायचा?

तिने लिफ्टवाल्याकडे बघितलं. तो हत्यारं पेटीत भरत होता.

"तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"पाणी उकळता येतं."

"नेहमी?"

"लक्ष राहिलं तर."

"चला," ती म्हणाली.

त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, एप्रन बांधला आणि यंत्राचं माहितीपत्रक वाचावं तसा कागद वाचायला घेतला, एकेका ओळीखाली बोट धरून. तेल तापलं, कांदा-लसूण पडला. मग त्याचं बोट थांबलं.

"'मध्यम आचेवर चिकन परता.' मॅडम, मध्यम आच म्हणजे किती?"

तिने तोंड उघडलं, पटकन मिटलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बरं, तुम्ही बोलायचं नाही. मग डोळ्यांनी सांगा."

तिने घाईघाईने डोळे वहीत घातले.

"आमच्या कामात मध्यम असं काही नसतं हो," तो भांड्याशीच बोलत राहिला. "लिफ्ट एक तर वर जाते, नाहीतर खाली. मधे थांबली की लोक मला बोलावतात."

तिला हसू आवरेना. तोंड मिटलेलं, म्हणून ते नाकातून बाहेर पडलं. तो गर्रकन वळला. "हे हसणं नियमात बसतं का?"

शेवटच्या ओळीवर तो पुन्हा अडला. "'चवीपुरतं मीठ घाला.' कोणाच्या चवीपुरतं... तुमच्या, की माझ्या?"

प्रश्न साधाच होता. पण संध्याकाळी घरी जाताना तिचा बसस्टॉप चुकला, तो त्याच प्रश्नापायी.

पास्ता झाला तो असा : वर लगदा, खाली कोळसा. गाजरं मात्र कच्चीच. त्याने शूरासारखा एक चमचा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि कौतुकाला काहीतरी शोधलं. "गरम आहे."

परीक्षा संपली की तिची जीभ मोकळी. तो करपलेलं भांडं घासायला उभा राहिला, ती शेजारी पुसायला. "चूक माझी नाही," तो म्हणाला, "कागदाची आहे." आणि त्याचं खरंच होतं. त्या रात्री तिने 'मध्यम आच' खोडलं आणि लिहिलं, 'ज्योत भांड्याच्या बुडाला टेकेल, पण कडेने बाहेर येणार नाही एवढी.'

पुढच्या बुधवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. भांडं दरवेळी लागायचं, आणि दरवेळी सिंकपाशी अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासात तिला कळलं, की तो शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटा राहतो आणि खानावळीत जेवतो. त्याला कळलं, की पाकिटं लिहायला लागण्याआधी ती तीन वर्षं तक्रारींच्या पत्रांना उत्तरं द्यायची, आणि 'तुमच्या सूपपेक्षा माझ्या नवऱ्याची कारणं घट्ट असतात' असं एक पत्र तिला अजून पाठ आहे. तो इतका हसला, की फेस तिच्या बाहीवर उडाला. "सॉरी, सॉरी," म्हणत त्याने ओल्या हाताने तो पुसायला घेतला, मग हात ओला आहे हे लक्षात येऊन थांबला... आणि दोघंही उगाचच भांड्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तरांना पास्ता जमला. नर्सिंगवालीने तर डबा भरून वसतिगृहात नेला. लिफ्टवाल्याचा मात्र करपला. चौथ्या आठवड्यातही करपला.

तेव्हा मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते झोंबायचं.

"दोघांना जमतं, तिसऱ्याला नाही. म्हणजे दर तिसऱ्या घरी भांडं करपणार आणि शिव्या आपल्याला. पुढच्या बुधवारी जमलं नाही, तर हे काम मी बाहेरच्यांना देते. तू परत तक्रारींच्या टेबलावर."

त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. सहा ओळींचा कागद तिने अकरा वेळा नव्याने लिहिला. पण त्याला सांगायची सोय नव्हती. परीक्षा देणाऱ्याला निकालाचं काही सांगायचं नाही, हाही नियमच.

पाचवा बुधवार. ती कोपऱ्यात बसली, वही मांडीवर, जीव मुठीत. त्याने चिकनचे तुकडे परतले, गाजर आणि सिमला मिरची घातली, मटार घातले. मग पास्ता, पाणी, दूध. सगळं एकाच भांड्यात. ज्योत कागदावर होती तेवढीच. खोलीत लसणाचा आणि दुधाचा गोडसर वास भरला, खिडकीची काच वाफेने धूसर झाली. जमतंय... या वेळी जमतंय!

आणि मग तिने बघितलं. दूध तळाला धरू लागल्याचा अगदी बारीक वास आला, तिच्यासारख्या सरावलेल्या नाकालाच येतो तसा. त्याची मान किंचित वळली. हात आपसूक गॅसच्या बटणाकडे गेला... आणि मधेच थांबला. त्याने हात मागे घेतला, एप्रनला पुसला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

ज्याला येत नाही, त्याचा हात बटणाकडे जातच नाही. आणि गेलाच, तर थांबत नाही.

वही खाली पडली. "तू हे मुद्दाम करतोयस?"

तो दचकला. नियम मोडल्यामुळे, की त्या 'तू'मुळे, कोण जाणे.

"मॅडम—"

"कधीपासून येतंय तुला?"

त्याने आधी गॅस बंद केला. "तिसऱ्या आठवड्यापासून. घरी रोज करतो. शिंपी खाऊन जातो, त्याची बायको कृती लिहून घेऊन गेली."

"मग इथे का—"

"इथे जमलं असतं तर..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढचा बुधवार कुठला?"

एरवी कुठल्याही दिवशी हे वाक्य ती उशाशी घेऊन झोपली असती. पण आज तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. "तुमच्या बुधवारापायी माझं काम हातचं चाललंय! मला वाटत होतं, मलाच लिहिता येत नाही. आठवडाभर मी स्वतःला नावं ठेवतेय!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे मला माहीत नव्हतं."

"विचारलंत?"

तो एप्रनसकट सरळ मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेला. ती मागोमाग धावली, पण दारातच थबकली.

"बाई, कागदात खोट नाही," तो आत सांगत होता. "माझ्यात आहे. मला जमतंय. मी मुद्दाम बिघडवत होतो."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

त्याचे कान लाल झाले. त्याची नजर दाराकडे गेली. बाईंचीही गेली. दारातल्या पाकिटबाईला आपले हात कुठे ठेवावेत हेच कळेना.

"हं," बाई म्हणाल्या. "तू बाद. ज्याला येतं, तो आमच्या कामाचा नाही. आता मला आत्ताच्या आत्ता एक ठार अडाणी माणूस हवाय." त्या थोडा वेळ पेनाने टेबलावर टकटक करत बसल्या, मग उठल्या. "कागद आण गं."

"बाई... तुम्ही?"

"आधी सासूबाई करायच्या, मग नवरा करायला लागला. मी आजवर अंडंसुद्धा उकडलेलं नाही. बाहेर कुठे बोललीस तर याद राख."

मोठ्या बाईंनी साडीवर एप्रन बांधला. ओळीमागून ओळ वाचत, पुटपुटत, कांदा चिरताना शिंकत त्यांनी भांडं चढवलं. 'दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा' म्हटल्यावर घड्याळ लावून ढवळलं. दूध आटत आलं, पास्ता फुगला, शेवटी क्रीम आणि मिरपूड पडली, आणि चमच्यावर तो पांढरा, दाटसर रस लपेटून आला. गाजरं मऊ, चिकन लुसलुशीत, भांड्याचा तळ लख्ख. बाईंचा चष्मा वाफेने भरला होता.

"जमलं गं मला!" त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या. "थांब, घरी फोटो पाठवते."

पाकीट मंजूर झालं. पाकिटबाई आनंदाने मागे वळली, तेव्हा खुर्चीवर घडी घातलेला एप्रन होता. तो निघून गेला होता.

राग तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी तो शोधूनही सापडेना. मग बुधवार आला. चार वाजता ती उगाच प्रयोगाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. त्याच्या पुढच्या बुधवारी तर तिला त्या लखलखीत भांड्याचाच राग आला.

पाकिटं छापून आली. परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला सहा पाकिटं घरपोच जायची. ते काम कुरिअरवाल्याचं. बाद झालेल्याला द्यायची की नाही, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने अर्जावरचा पत्ता उतरवून घेतला आणि रविवारी संध्याकाळी सहा पाकिटं पिशवीत टाकली.

शिंप्याच्या दुकानाशेजारचा जिना ती अर्धा चढली असेल, तोच लसणाचा आणि दुधाचा वास आला. दार उघडंच होतं. तो ओट्याशी उभा होता, पाठमोरा.

"दर दोन मिनिटांनी ढवळायचं असतं," ती म्हणाली.

चमचा भांड्यात पडला. तो वळला.

"ही तुमची पाकिटं," तिने पिशवी पुढे केली. "नियमाप्रमाणे."

"नियमाप्रमाणे लिहिणारी स्वतः घेऊन येते?"

"...नाही."

त्याने पिशवी घेतली, पण तिची बोटं सोडायला जरा वेळ लावला. "मी चुकलो. तुम्ही दिवसरात्र कागदावर डोकं फोडत होतात आणि मी..."

"सरळ विचारायचं होतंत. फोन नंबर, चहा, काहीतरी."

"घाबरलो. विसाव्या मजल्यावर दोराला लटकतो मी, तेव्हा भीती नाही वाटत. पण तुम्ही नाही म्हणाला असतात तर..."

"ढवळ आधी," ती म्हणाली. "लागेल."

त्याने मान वर केली. 'ढवळ' त्याने नीट ऐकलं होतं. आणि या वेळी त्यात राग नव्हता.

एकट्या माणसाच्या घरी ताट एकच होतं. ते कोणी घ्यायचं यावर जरा वाद झाला आणि शेवटी भांडंच मधे ठेवून दोघं दोन बाजूंनी बसली. तिने पहिला घास घेतला. मीठ नेमकं, मिरपूड किंचित जास्त.

"कसा झालाय?" त्याने श्वास रोखून विचारलं.

ती उत्तर देणार, इतक्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. आईचा होता.

"अगं, कुठे आहेस? जेवायला थांबू का?"

"नको, आई. तू जेव. मी जेवतेय... एकाकडे."

"एकाकडे म्हणजे?"

तिने समोर बघितलं. त्याचा चमचा अधांतरी होता.

"म्हणजे... पुढच्या रविवारी घरीच आणते. तूच बघ." पलीकडून चार-पाच प्रश्न एकदम आले. "हो. हो, एकटाच आहे. स्वयंपाक येतो, आई! ठेवू मी?"

फोन ठेवला, तरी तिला वर बघवेना. ती भांड्यातला एक मटार चमच्याने इकडून तिकडे ढकलत राहिली.

"पुढच्या रविवारी?" त्याने हळूच विचारलं.

"का? काम आहे?"

"काम कसलं... पण आई काय विचारतील?"

"सगळं."

"मग मी काय सांगू?"

"खरं असेल ते सांग."

त्याने चमचा खाली ठेवला. "हे सांगू, की तू दिसली नाहीस तर माझा आठवडा पुढे सरकत नाही?"

"ते आईला नको," ती म्हणाली आणि आता मात्र तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "ते मला सांग."

खाली शिंप्याच्या मशीनची घरघर चालू होती. तो थोडा पुढे झुकला, आणि त्याने सांगितलं.